ताइफची पाणीबँक आणि अबू मन्सूरची विहीर

सौदीत असताना गावाकडे कोणी नोकरीचं विचारलं की मी सांगायचो, "बँकेत आहे." खोटं नव्हतं ते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच रियाधच्या ओलाया भागातली एखादी काचेची इमारत उभी राहायची, आत एसी आणि मी टाय लावून बसलेलो. मीही ती इमारत खुशाल उभी राहू द्यायचो. गडबड व्हायची ती पुढच्या प्रश्नाला.

"कसली बँक?"

"पाण्याची."

हे ऐकून खेड तालुक्यातल्या माझ्या मेव्हण्याने आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच बाजूला घेतलं होतं. "नसीम, भावजी तिकडे बाटल्या भरतात काय गो? सांगायला लाजतात काय?"

बाटल्या मी कधी भरल्या नाहीत. मी भूगर्भशास्त्राचा माणूस. विहिरी, बोअरिंग आणि जमिनीखालचं पाणी यांत आयुष्य गेलं, आणि त्यातली शेवटची वर्षं गेली ताइफच्या डोंगरात. ताइफ म्हणजे सौदीचं महाबळेश्वर समजा. उंचावरचं, थंड हवेचं. द्राक्षं, डाळिंबं आणि गुलाब यांचं गाव. तिथल्या एका वादीत पाणी खात्याने प्रयोग म्हणून पाणीबँक काढली होती आणि ती चालवायचं कंत्राट रियाधच्या एका सल्लागार कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीचा तिथला मुख्य तपासनीस मी.

वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी नदीची वाट. बहुतेक वाद्या वर्षभर कोरड्या असतात आणि पाऊस आला की थोडा वेळ वेड्यासारख्या वाहतात. आमच्या वादीत मात्र मधल्या टप्प्यात बारमाही पाणी होतं. फार नाही, घोट्याएवढं. कोकणात त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नसतं. मी त्याला कौतुकाने आमच्या कोकणातल्या ओढ्यासारखं व्हाळ म्हणायचो. या व्हाळावर खालच्या गावातले गुलाबाचे मळे जगायचे आणि वसंतात फुलं आली की गुलाबपाणी काढायच्या तांब्याच्या भट्ट्याही त्याच्याच पाण्याने थंड करायच्या. शेजारच्या वादीतही पूर्वी असाच व्हाळ होता म्हणतात. मला तिथे पुलाखाली फक्त वाळू दिसली. लोकांनी विहिरीमागून विहिरी खणल्या, आणि एका उन्हाळ्यात तो गेला तो परत आलाच नाही.

आता ही बँक काय ते सांगतो. विहिरीचं पाणी आणि व्हाळाचं पाणी अशी दोन वेगळी पाणी नसतात. वादीच्या तळाशी दगडगोटे आणि वाळू यांचा जाड थर असतो, त्यात पाणी साठतं आणि जिथे जमीन खोल जाते तिथे ते पाझरून बाहेर येतं. तो व्हाळ. त्यामुळे विहिरीतून जे उपसलं ते व्हाळाच्या तोंडचं काढून घेतलं. काठावरची विहीर उपसली तर व्हाळ लगेच ओरडतो, लांबची उपसली तर पुढच्या वर्षी. पण ओरडतो नक्की. म्हणून नियम असा होता की ज्याला नवी विहीर हवी, त्याने आधी तेवढाच जुना उपसा बंद झालेला दाखवायचा. कोणी शेतकऱ्याने आपला पंप थांबवला की तेवढं पाणी त्याच्या नावावर बँकेत जमा. नवी विहीर खणणाऱ्याने त्याच्याकडून ते घ्यायचं. आणि या देवघेवीत व्हाळाचं पाणी घोटभरही कमी होत नाही ना, हे आम्ही मध्ये बसून बघायचं.

कागदावर सोपं वाटतं. आमचा पहिला खातेदार अम्म सालेह. अम्म म्हणजे काका. ऐंशीच्या आसपासचा हा म्हातारा. मुलं जिद्दाला गेलेली, शेती झेपत नव्हती, म्हणून त्याने आपला पंप बंद करून पाणी जमा केलं. पुढच्या गुरुवारी काठी टेकत ऑफिसात हजर.

"मुहंदिस," तो मला म्हणाला. इंजिनीयरला तिकडे असंच म्हणतात. "माझं पाणी बघायला आलोय."

"अम्म, ते जमिनीत आहे."

"कुठे जमिनीत?"

"तुमच्याच जमिनीत. तुम्ही काढलं नाही म्हणून तिथेच आहे."

"म्हणजे मी तुम्हाला दिलं, आणि ते माझ्याकडेच आहे?"

"हो."

"मग तुम्ही काय करता?"

एवढा नेमका प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता, खुद्द माझ्या कंपनीनेही नाही. शेवटी मी त्याला गाडीत घालून व्हाळावर नेलं, त्याच्या चपला काढायला लावल्या आणि पाय पाण्यात बुडवायला सांगितले. "हे वाहतंय ना, यात तुमचं आहे." म्हातारा खूश. त्यानंतर दर गुरुवारी तो तिथे येऊन बसायचा आणि पोरं पाण्यात उतरली की ओरडायचा, "बाजूला व्हा, माझ्यातनं चालू नका!"

असं सगळं बरं चाललं असताना सौदीकरण आमच्या दारात आलं. कंपनीत स्थानिक माणसं किती, यावरून सरकार कंपनीला रंग द्यायचं. हिरवा चांगला, लाल वाईट, आणि मधला पिवळा. आमची कंपनी पिवळ्यात पडली. पिवळ्या कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्याने करून घेताना अडकायचा. रियाधहून आमच्या साहेबांचा फोन आला. साहेब पुण्याचे, सबनीस. काम असलं की मी त्यांचा परकारभाई असायचो, नसलं की मिस्टर परकार.

"परकारभाई, तुमच्या हाताखाली एक सौदी मॅडम पाठवतोय. तुमच्या पदासाठीच तयार करायचंय त्यांना. सगळं शिकवा."

"शिकवतो."

"पण लगेच नका शिकवू."

"म्हणजे?"

"अहो, त्या शिकल्या नाहीत तर आपलं कंत्राट जाईल. शिकल्या तर तुम्ही जाल. मधला काहीतरी मार्ग काढा ना!"

मॅडमचं नाव हनूफ. खालच्याच गावातली, मामाचा गुलाबाचा मळा. भूगर्भशास्त्र शिकून मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. तिकडे बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती, आणि इतक्या वर्षांची कसर एका महिन्यात भरून काढायची असं तिने ठरवलेलं दिसत होतं. वादीतल्या दगडांवरून ती जीप अशी न्यायची की मी वरची कडी धरून कुराणातली आयत-उल-कुर्सी पुटपुटत बसायचो. चेहऱ्यावर नकाब, त्यामुळे दिसायचे फक्त डोळे. पण ती हसतेय की चिडलीय, ते तेवढ्यावर नीट कळायचं.

मधला मार्ग म्हणून मी तिला आधी पाण्याचे मीटर वाचायला शिकवलं. मग मीटर पुसायला शिकवलं. मग पुन्हा एकदा पुसायला शिकवलं.

"उस्ताद," एक दिवस ती म्हणाली, "मीटर स्वच्छ झाले. आता तुम्ही जे लपवून ठेवलंय ते दाखवता का?"

शाळामास्तरणीपुढे माझं काही चालणार नव्हतं. मी दाखवलं. उपसा कसा मोजायचा, विहीर व्हाळापासून किती लांब आहे यावर तिच्या पाण्याचं वजन कसं बदलतं, लोक कुठे कुठे थापा मारतात, सगळं. ती भराभर शिकली. माझी खुर्ची जाताना दिसत होती आणि मजाही येत होती. तीस वर्षांत इतके बरोबर प्रश्न विचारणारं माणूस मला भेटलं नव्हतं.

अशात हॉटेलचं प्रकरण आलं. वादीच्या वरच्या अंगाला एक मोठं हॉटेल उभं राहत होतं. पोहण्याचा तलाव, हिरवळ, कारंजं. त्यासाठी नवी विहीर पाहिजे होती. हॉटेलवाल्यांना तेवढंच जुनं पाणी दाखवायचं होतं, आणि त्यांनी ते शोधलं अबू मन्सूरकडे.

अबू मन्सूर म्हणजे मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, गावात सगळ्यांना हवासा माणूस. पूर्वी ट्रकचा धंदा होता, आता डाळिंबाची बाग. त्याचं म्हणणं, त्याची विहीर वर्षभर धो धो चालते आणि तो ती हॉटेलसाठी कायमची बंद करायला तयार आहे. आम्ही तपासायला गेलो. डाळिंबाची झाडं वाळून कोळसा झालेली.

"बाग का वाळली?" हनूफने विचारलं.

"जास्त पाण्याने," अबू मन्सूर म्हणाला.

विहिरीवर पत्रा होता, पत्र्यावर गवताच्या पेंढ्या, आणि पेंढ्यांवर एक बकरी दोन पिल्लं घेऊन बसलेली.

"पत्रा काढता का, बघू."

"नुकतीच व्यायलीय. बाळंतिणीला उठवायचं?"

"बरं, पंप कुठे आहे?"

"वर्कशॉपमध्ये. आजारी आहे बिचारा."

मग कॉफी आली. मग खजूर आले. मग गावातल्या एकेका माणसाची खुशाली झाली. मग नमाजची वेळ झाली आणि आम्ही परतलो. दुसऱ्या खेपेलाही हेच. तिसऱ्या खेपेला अबू मन्सूर कॉफी ओतण्यात गुंतला असताना हनूफने पत्र्याच्या फटीतून एक खडा आत टाकला. आतून आवाज आला, टक्. दगडावर दगड. तिघांनीही ऐकला.

अबू मन्सूरने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "हा वाटेतला कठडा. पाणी फार खोल आहे ना. त्याचा आवाज अजून यायचाय."

मग आम्ही तिघेही मान वाकडी करून त्या आवाजाची वाट बघत बसलो. बकरीसुद्धा.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, प्रकरण साधं नव्हतं. कोरडी विहीर बंद केली म्हणून व्हाळाला थेंबभरही जास्त मिळणार नव्हतं. पण तिच्या बदल्यात हॉटेलची नवी विहीर मात्र खरोखर उपसली जाणार होती, तीही व्हाळाच्या उगमाजवळ. माझ्या हिशेबाने एक-दोन वर्षांत, नेमक्या गुलाबाच्या हंगामात, खालच्या गावात पाणी पोचलं नसतं. हनूफच्या मामाचा मळा पाटाच्या शेवटच्या टोकाला होता. सगळ्यात आधी तो गेला असता. परतताना पहिल्यांदाच तिने गाडी हळू चालवली.

रियाधहून सबनीस. "परकारभाई, हॉटेलवाले मोठे लोक आहेत. विहीर आहे ना? बंद होणार आहे ना? मग द्या की दाखला."

"साहेब, तिच्यात पाणी नाही."

"आत्ता नसेल. पूर्वी असेलच ना कधीतरी!"

मी वेळ काढू म्हटलं, पण हनूफच्या डोक्यात वेगळंच होतं. ती अबू मन्सूरकडे गेली आणि गरीब गाईसारखी म्हणाली, "अम्म, तुमच्यावर विश्वास आहे. फक्त नियम आहे म्हणून एक दिवस पंप चालवून दाखवा. पुढच्या मंगळवारी सकाळी येऊ का?" मला वाटलं, आता हा पंपाला आणखी एक आजार लावेल. पण अबू मन्सूर खुशीत म्हणाला, "मंगळवारी या. नाश्त्यालाच या!"

मंगळवारी आम्ही गेलो तर बागेत सतरंज्या अंथरलेल्या, गावातली जाणती मंडळी जमलेली, त्यांत अम्म सालेहसुद्धा. बकरी कुठेतरी हलवलेली. पत्रा काढलेला. आणि विहिरीत पाणी! चांगलं वरपर्यंत, चमचमणारं. अबू मन्सूर लग्नातल्या बापासारखा सगळ्यांना कॉफी देत फिरत होता. मी जरा बागेबाहेर गेलो. कच्च्या रस्त्यावर मोठ्या टायरांचे ओले चर उमटलेले होते, एकावर एक, आणि चरांच्या कडेने पाण्याचे ओघळ.

पंप सुरू झाला. पाइपातून जाड धार पडली. लोकांनी माशाल्ला म्हटलं. मी ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि माझं मलाच हसू कसंबसं दाबावं लागलं. त्या वादीतलं पाणी खडकांतून मुरत येतं, जिभेवर जड लागतं, किंचित खारट. हे पाणी अगदी बेचव होतं, आणि मागून क्लोरीनचा वास. ताइफ शहराला नळाने येतं ते हेच पाणी. खाली तांबड्या समुद्रावर खारं पाणी गोडं करतात आणि पंपांनी घाट चढवून वर आणतात. हनूफने क्षार मोजायचं यंत्र धारेत धरलं, आकडा बघितला आणि यंत्र माझ्यापुढे केलं. नकाबातले डोळे नाचत होते.

"सांगू का?" मी हळूच विचारलं.

"चालू द्या," ती म्हणाली. "किती वेळ चालतंय ते बघू."

आम्ही नाश्ता केला. दुसऱ्यांदा कॉफी येईपर्यंत धार बारीक झाली, मग पाइपाला उचक्या लागल्या, मग फुस्स. पंप नुसती हवा ओकायला लागला. सगळे अबू मन्सूरकडे बघायला लागले.

"लाजाळू आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर बुजते."

तेव्हा हनूफ उभी राहिली. वर्गात उभी राहावी तशी. "अम्म अबू मन्सूर, मुबारक. तुमच्या विहिरीला समुद्र लागलाय. हे पाणी तांबड्या समुद्रातून निघून, गोडं होऊन, पाइपाने घाट चढून, टँकरमध्ये बसून इथवर आलंय."

अम्म सालेह हसायला लागला, आणि त्याला हसू आवरेना म्हणून बाकीचे हसायला लागले. अबू मन्सूरचा चेहरा पडला. पण तो नुसता पडून राहणारा माणूस नव्हता. ट्रकचा धंदा केलेला. तो म्हणाला, "ठीक. टँकर मी आणले. पण आता तुम्ही मला सांगा, तुमची बँक पाण्याची आहे ना? जमिनीत पाणी ठेवलं की जमा, बरोबर? मी ठेवलं!"

"आणि आत्ता काढलंत," हनूफ म्हणाली. "शिल्लक शून्य."

"सगळं कुठे काढलं? मी ओतलं किती, निघालं किती! अर्धं या चांडाळ विहिरीनेच पिऊन टाकलं, म्हणून तर आणखी टँकर मागवावे लागले. ते पाणी गेलं कुठे? जमिनीतच ना? माझं जमा करा!"

हनूफने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. पंचाईत अशी की माणूस तत्त्वाने बरोबर बोलत होता. जमिनीत मुरवलेलं पाणीही बँकेत जमा व्हायचं, तसा नियम होता.

"शहराचं नळाचं पाणी चालत नाही," ती शेवटी म्हणाली. "ते आधीच दुसऱ्याच्या वाटणीचं आहे. आभाळातून पडलेलं मुरवलंत तर लिहून घेईन."

"आभाळातलं," अबू मन्सूर म्हणाला आणि त्याने वर बघितलं. आभाळ नेहमीप्रमाणे लखलखीत निळं होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी रियाधला पोचली. या वेळी सबनीसांनी परकारभाई म्हटलं नाही. "मिस्टर परकार, हा तमाशा करायची गरज होती का? हॉटेलवाले खात्यात वर कोणाशी तरी बोललेत. तुमचा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय. दाखल्यावर सही करा, मी तो करून घेतो. नाही तर माझ्या हातात काही नाही."

मी नसीमला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. ताइफमध्येही तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या व्हायच्या आमच्याकडे.

"सही नाही केलीत तर?"

"मला घालवतील. आणि माझ्या जागी कोणीतरी येऊन सही करेल."

"कोणीतरी कशाला येईल?" ती म्हणाली. "तुमच्या जागी यायला ती पोर बसलीय की तयार."

तव्यावर भाकरी फुगली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

कंत्राटात एक कलम होतं. मी हनूफ तयार झाली असं खात्याला कळवलं की त्याच दिवसापासून मुख्य तपासनीस ती. मग माझ्या सहीला किंमत राहणार नव्हती. आणि तिला सबनीस हात लावू शकत नव्हते. सौदी माणूस, त्यातून बाई, त्यातून एवढ्या मोठ्या पदावर. तिच्या एका नावाने कंपनी पिवळ्यातून हिरव्यात जात होती. तिला काढलं तर सरळ लाल. इतके महिने ती पूर्ण शिकू नये म्हणून मी धडपडलो होतो. आता ती शिकलीय हे खात्याच्या गळी उतरवायला सकाळी सगळ्यात आधी जाऊन उभा राहिलो.

दुपारी हनूफ माझ्या टेबलापाशी आली. "उस्ताद, हे काय केलंत? तुमचं काय होणार?"

"मी गावाला जाणार. तू सही करणार आहेस का?"

"हॉटेलच्या दाखल्यावर? या जन्मात नाही."

"मग बस इकडे," मी खुर्चीतून उठत म्हटलं. खोटं कशाला बोलू, उठताना गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखलं.

सबनीस विमानाने ताइफला आले, मिठाईचा मोठा डबा घेऊन. हनूफने त्यांचं फार छान स्वागत केलं. कॉफी दिली. खजूर दिले. रियाधमधल्या सगळ्यांची खुशाली विचारली. मग नमाजची वेळ झाली. मग ती त्यांना जीपमधून विहीर दाखवायला घेऊन गेली, आणि कशी घेऊन गेली असेल ते साहेबांच्या चेहऱ्यावर परतल्यावरही दिसत होतं. दाखला न घेताच ते संध्याकाळच्या विमानाने परत गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "परकारभाई, डोकं आहे तुम्हाला. पण चुकीच्या ठिकाणी चालवलंत." मला ती स्तुतीच वाटली.

हॉटेलवाल्यांना शेवटी सरळ रस्ता धरावा लागला. त्यांनी व्हाळाकाठचा लसूणघासाचा एक भला मोठा मळा विकत घेऊन बंद केला. लसूणघास म्हणजे पाण्याचा राक्षस, त्यामुळे ते पाणी खरोखर व्हाळाला राहिलं. हॉटेलची विहीर छोटी झाली, कारंजं कायमचं रद्द झालं, आणि हिरवळीला हॉटेलचंच सांडपाणी शुद्ध करून द्यायचं ठरलं.

माझा इकामा काही नव्याने झाला नाही. पण जायच्या कागदपत्रांना सरकारी वेळ लागतो, आणि तेवढे महिने मी बिनखुर्चीचा, बिनकामाचा ताइफमध्येच होतो. एके सकाळी अबू मन्सूर दारात. मला वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "मुहंदिस, आभाळातलं पाणी कसं मुरवतात?"

आमच्याकडे पावसाळा सरला की व्हाळावर दगडमातीचे बांध घालतात, पाणी अडवून जिरवायला. तिकडे पाऊस कधी आणि किती, भरवसा नाही, पण त्याच्या विहिरीच्या वरच्या बाजूला एक घळ होती. तिच्यात आडवे, बुटके बांध घातले तर पुराचं पाणी दमून बसलं असतं. मी हात कसा ठेवायचा, दगड कसा बसवायचा ते दाखवलं. अबू मन्सूरने ट्रकवाले जुने दोस्त कामाला लावले. अम्म सालेह सावलीत बसून सगळ्यांच्या चुका काढायचा. हनूफ अधूनमधून येऊन उंची मोजायची आणि काही न बोलता जायची. म्हणजे बरोबर चाललंय.

पाऊस आला तो दुपारचा, गारांसकट. घळीतून तांबडा लोंढा उतरला. सगळ्यात वरचा बांध पहिल्याच धक्क्याला गेला आणि त्याच्या खाली लावलेली अबू मन्सूरची पिकअप त्याच्याबरोबर थोडी खाली गेली. पण बाकीचे टिकले. पाणी बांधामागे तुंबलं, गढूळ, फेसाळ, आणि पुढच्या काही दिवसांत दिसेनासं झालं. अबू मन्सूर घाबरा होऊन फोनवर, "मुहंदिस, चोरीला गेलं!" मी म्हटलं, "थांबा." मग एका सकाळी त्याने पत्र्याच्या फटीतून खडा टाकला, आणि आवाज आला डुबुक्.

हनूफने मंगळवारचा दिवस लावला. पुन्हा सतरंज्या, पुन्हा मंडळी. या वेळी रस्त्यावर टायरांचे चर नव्हते. पंप चालत राहिला, जेवणं झाली तरी चालत राहिला. मी ओंजळ तोंडाला लावली. जड, किंचित खारट. वादीचं पाणी. हनूफने यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि अबू मन्सूरने मला इतकं जोरात मिठीत घेतलं की माझा चष्मा त्याच्या पोटावर वाकला.

जमा झालेलं पाणी तसं थोडंच होतं. पण अबू मन्सूरने उभं राहून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे मुहंदिसच्या नावावर लिही. तो गावाला चाललाय. आमच्याकडून ही भेट."

लोकांनी माना डोलावल्या. हनूफ म्हणाली, "नाही लिहिता येत."

"का?"

"या वादीत ज्याची जमीन नाही त्याचं खातं उघडता येत नाही. नियम आहे."

"कोणत्या गाढवाने केला असला नियम?"

हनूफने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं. नियम माझाच होता. जिद्दाच्या दलालांनी पाणी घेऊन साठेबाजी करू नये म्हणून मीच तो लिहिला होता.

अबू मन्सूर हिरमुसला. "मग कोणाच्याच नावावर नको. मला नको ते परत."

हनूफने खात्यांची वही उघडली आणि म्हणाली, "वादीच्या नावावर लिहू? तिची जमीन तर इथेच आहे." आणि तिने खरंच लिहिलं. नाव: वादी. पत्ता: इथेच. या खात्यात टाकायला सगळ्यांना मुभा, काढायला कोणालाच नाही. अम्म सालेहने तिथल्या तिथे आपलंही सगळं त्यात टाकलं. आता त्याला कोणाला बाजूला सारावं लागणार नव्हतं.

मी परत येऊन खेडला स्थिरावलो. हनूफचे अजून फोटो येतात. गुलाबाच्या हंगामात मामाच्या मळ्यातला पाट भरून चाललेला असतो. बाकीच्या वाद्यांत बँक काढायचं राहून गेलं, ही एक खंत आहे. तिकडे मी आणखी थोडा असतो तर कदाचित झालं असतं, असं अजून वाटतं.

मागे एकदा सबनीसांचा फोन आला. हॉटेलला आणखी एक तलाव बांधायचा होता.

"परकारभाई, कसे आहात? ते एक खातं आहे म्हणे तुमच्या बँकेत, कोणीच वापरत नाही. बरंच साठलंय त्यात. मॅडम तर ऐकूनच घेत नाहीत. त्यातलं थोडं मिळण्यासाठी काय करावं लागेल?"

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "खातेदाराची सही आणा."